साष्टीचा वाघ आणि ठाण्याचा बिबळ्या

ठाणें शहर ज्या बेटाच्या पूर्व कांठावर वसलें आहे, त्या बेटाला साष्टी म्हणतात. सहासष्ट गांवांचें तें साष्टी, अशी या नांवाची व्युत्पत्ति सांगतात. आज मुंबईचीं उपनगरें आणि ठाणें यांच्या वस्तीखालीं या बेटाच्या जुन्या खुणा बहुतेक पुसल्या गेल्या आहेत. परंतु बेटाच्या मध्यभागीं उत्तर-दक्षिण पसरलेला डोंगर मात्र अजून रानानें झांकलेला आहे. त्याच्या पश्चिमेस बोरिवली, पूर्वेस ठाणें, उत्तरेस घोडबंदर आणि वसईची खाडी, दक्षिणेस आरे व पवई. याच डोंगराच्या ठाण्याकडील अंगाला येऊर हें नांव आहे. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या या रानाचा निम्म्याहून अधिक भाग ठाणें जिल्ह्यांत मोडतो, आणि त्यांत बिबळ्या आजही नांदतो. शहरांतील लोक त्याला बिबट्या म्हणतात. कोट्यवधि माणसांच्या महानगराला लागून एवढें बलिष्ठ श्वापद आपल्या मर्जीनें राहत असल्याचें उदाहरण जगांत विरळाच सांपडेल. या रानांत एके काळीं वाघही होता. वाघ कां गेला, बिबळ्या कसा राहिला आणि जो राहिला त्याचें पुढें काय होणार, हा इतिहास ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें जाणून घेण्यासारखा आहे. कारण त्यांतील पुढचें प्रकरण त्यांच्याच हातून लिहिलें जावयाचें आहे.

या प्रदेशाचा आणि रानाचा संबंध फार जुना. सहाव्या शतकांतील ग्रीक प्रवासी कॉस्मस यानें आपल्या ग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख केला असून, तेथून परदेशीं जाणाऱ्या मालांत शिसवी लाकडाची आणि कापडाची गणना केली आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीं कल्याणचें वैभव कांहीं अंशीं तरी मागील डोंगरांतील झाडांवर उभें होतें. पुढें १६५७ सालीं कल्याण आणि भिवंडी हीं ठाणीं शिवाजी महाराजांच्या ताब्यांत आलीं आणि मराठ्यांच्या आरमाराची उभारणी याच भागांत सुरू झाली. जहाजें बांधावयाचीं तर सागवान हवें, आणि सागवानाला या रानांत तोटा नव्हता. तरीही या सर्व काळांत रान संपलें नाहीं. कुऱ्हाड माणसाच्या हातांत होती, ओंडका बैल ओढीत होता आणि होडी भरतीओहोटीची वाट पाहत होती. तोडीचा वेग जनावराच्या आणि पाण्याच्या वेगाहून अधिक होऊं शकत नव्हता, आणि तेवढ्या अवधींत रान पुन्हा उगवत असे.

तो वेग पालटला आगगाडीनें. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली, आणि १ मे १८५४ रोजीं ती कल्याणपर्यंत धांवूं लागली. कल्याणपासून लोहमार्गाचे दोन फांटे फुटले. एक बोरघाट चढून पुण्याकडे गेला, तर दुसरा कसाऱ्याजवळचा थळघाट चढून नाशिककडे. १८६५ पर्यंत दोन्ही घाट आगगाडीनें जिंकले. रुळांखालीं घालावयास लाकडाचे स्लीपर हवेत, वाढत्या मुंबईला इमारतींसाठीं वासे हवेत आणि घरोघरच्या चुलींना सरपण व कोळसा हवा. हें सर्व जेथून यावयाचें तो सर्वांत जवळचा मुलूख म्हणजे ठाणें जिल्हा. जें रान पूर्वीं बैलगाडीच्या चालीनें उतरत होतें, तें आतां आगगाडीच्या वेगानें उतरूं लागलें.

त्या काळांतील जिल्ह्याचें चित्र १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी गॅझेटियरांत पाहावयास मिळतें. त्यांत जिल्ह्यांतील वन्य पशूंची यादी देतांना वाघ आणि बिबळ्या या दोघांचीही नोंद केलेली आहे. त्यापूर्वीं एकच वर्ष, म्हणजे १८८१ सालीं, झालेल्या खानेसुमारींत सबंध ठाणें जिल्ह्याची वस्ती नऊ लाखांच्या आसपास भरली होती. २०११ च्या खानेसुमारींत अविभक्त ठाणें जिल्ह्याची वस्ती एक कोटी दहा लाखांवर गेली. एकट्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दींत त्या वर्षीं सुमारें साडेबारा लाख माणसें राहत होतीं. म्हणजे १८८१ सालीं साऱ्या जिल्ह्यांत जेवढीं माणसें होतीं, त्यांहून अधिक आतां त्याच्या एका कोपऱ्यांतील दोन जुळ्या शहरांत मावलीं आहेत. या एका तुलनेवरून वाघाच्या वाट्याला काय आलें असेल याची कल्पना करतां येते.

वाघाला दोन गोष्टी लागतात : सलग विस्तीर्ण रान आणि त्यांत सांबर, चितळ, रानडुक्कर अशी मोठी शिकार. पहिली गोष्ट कुऱ्हाडीनें नेली, दुसरी बंदुकीनें. शिवाय वाघ मारणें हा इंग्रज अमदानींत अपराध तर नव्हताच, उलट त्याबद्दल सरकारांतून बक्षीस मिळत असे. १९२९ सालीं विहार तलावाजवळ एक वाघ गोळीला बळी पडला. त्यानंतर साष्टींतील वाघ हा केवळ इतिहासाचा विषय झाला. एखादा प्राणी एखाद्या प्रदेशांतून नाहींसा होतो, तेव्हां त्याचा शेवट बहुधा असाच होतो. कोणी ठरवून त्याला हद्दपार करीत नाहीं. त्याचें घर लहान होत जातें, त्याचे सोबती कमी होत जातात, आणि अखेरीस उरलेला एकटा जीव कोणाच्या तरी नेमाखालीं येतो.

मग बिबळ्या कसा वांचला? याचें एक कारण त्याच्या स्वभावांत आहे. तो वाघाहून अंगानें पुष्कळ लहान, झाडावर सहज चढणारा, दिवसां लपून राहून रात्रीं हिंडणारा आणि मिळेल त्यावर गुजराण करणारा आहे. हरिण मिळालें तर हरिण, नाहीं तर माकड, ससा, कोंबडें आणि शहराच्या कडेला विपुल असणारें भटकें कुत्रें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय निबंधांत, राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरांतील बिबळे वर्षाला सुमारें दीड हजार भटकीं कुत्रीं खात असावेत आणि त्यामुळें कुत्रें चावण्याचे सुमारें एक हजार प्रसंग टळत असावेत, असा अंदाज मांडला आहे. ज्याला शहर केवळ शत्रु समजतें, तो शहराचा असा अबोल चाकरही आहे.

दुसरें कारण मात्र बिबळ्याच्या हातचें नव्हतें. तें मुंबईच्या तहानेचें होतें. शहराला पाणी मिळावें म्हणून या डोंगरांत १८६० सालीं विहार आणि १८७९ सालीं तुळशी हे तलाव बांधून पुरे झाले. तलावांचें पाणी निर्मळ राहावयाचें तर त्यांच्या भोंवतालचें रान राखलें पाहिजे, हें उघड होतें. म्हणून जेथें एरव्हीं घरें आणि कारखाने उठले असते, तेथें झाडें उभीं राहिलीं. पुढें या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आरंभीं कृष्णगिरी, मग बोरिवली आणि त्यानंतर संजय गांधी अशीं त्याचीं नांवें पालटत गेलीं व क्षेत्रही वाढत गेलें. मुंबईकरांनीं रान राखलें तें बिबळ्याच्या प्रेमानें नव्हे, पाण्याच्या गरजेनें. परंतु त्या गरजेच्या सावलींत बिबळ्याला आश्रय मिळाला. निसर्गाचें रक्षण करण्यास नेहमीं उदात्त हेतूच लागतो असें नाहीं. स्वतःचें हित नीट ओळखलें तरी पुष्कळ साधतें, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

१९७२ सालीं भारतांत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज बिबळ्या या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे, म्हणजे त्याला कायद्याचें सर्वांत कडक संरक्षण आहे. याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असाच एक प्रयत्न झाला. १५ नोव्हेंबर १९७३ रोजीं ऑस्लो येथें कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें आणि सोव्हिएत संघ या पांच राष्ट्रांनीं उत्तर ध्रुवाकडील पांढऱ्या अस्वलाच्या रक्षणाचा करार केला. अनिर्बंध शिकार थांबली. तरीही आज त्या अस्वलाचें भवितव्य अंधुक आहे. कारण त्याचें रान म्हणजे गोठलेला समुद्र. त्या बर्फावर उभें राहून तें सीलची शिकार करतें. आणि पृथ्वीचें तापमान वाढत असल्यामुळें तो बर्फ उशिरां गोठतो व लवकर वितळतो. कॅनडांतील हडसन उपसागराच्या पश्चिम कांठावरील अस्वलांची २०१६ सालीं विमानांतून गणना झाली, तेव्हां त्यांची संख्या ८४२ असावी असा अंदाज निघाला. २०२१ सालच्या गणनेंत तो ६१८ वर आला. तेथील चर्चिल नांवाच्या गांवाजवळ समुद्र गोठण्याची वाट पाहत हीं अस्वलें जमतात आणि भुकेलेलीं अस्वलें गांवांतही शिरतात. गांवकऱ्यांनीं त्यांना पकडून कांहीं दिवस कोंडून ठेवण्यासाठीं एक इमारतच राखून ठेवली आहे. जनावराला कायद्यानें अभय दिलें, पण त्याच्या घराला अभय मिळालें नाहीं, तर तें अभय अर्धेंच राहतें, ही गोष्ट हिमप्रदेशांत जितकी खरी तितकीच येऊरच्या डोंगरांतही खरी आहे.

येऊरच्या डोंगराला हें सत्य फार मोठी किंमत देऊन कळलें. विसाव्या शतकाच्या अखेरीस उद्यानाच्या कडेनें आणि कडेच्या आंतही वस्ती वाढत गेली. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें आणि १९९७ सालीं अतिक्रमणें हटविण्याचा आदेश निघाला. हजारों गरीब कुटुंबांचे संसार त्यांत उठले, हेंही विसरतां कामा नये. त्यानंतर थोड्याच वर्षांत बिबळ्यांचे माणसांवरील हल्ले वाढूं लागले. २००४ च्या एकट्या जून महिन्यांत दहाच्या सुमारास माणसें बळी पडलीं. बळी पडलेल्यांत लहान मुलें होतीं, पाड्यांवर आणि झोपड्यांत राहणारीं गरिबांचीं माणसें होतीं. सुरक्षित इमारतींतून रान पाहणाऱ्यानें त्यांच्या भीतीला अज्ञान म्हणूं नये.

त्या वेळीं सर्वांना सुचलेला उपाय एकच होता : बिबळ्या दिसला कीं पिंजरा लावावा आणि पकडलेलें जनावर दूर नेऊन सोडावें. परंतु हाच उपाय कांहीं अंशीं रोगाचें कारण होता, असें पुढें दिसून आलें. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुणें जिल्ह्यांतील जुन्नर भागाचा अभ्यास केला. तेथें बिबळे पकडून दुसरीकडे सोडण्याचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीं वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. कार्यक्रमानंतर ते सरासरी १७ वर गेले. हा अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला. साष्टीच्या उद्यानांतही बाहेर पकडलेले बिबळे आणून सोडले गेले होते. याचा अर्थ समजण्यास फार विद्वत्ता नको. बिबळ्याला आपला मुलूख असतो. पाणवठा, शिकार, लपण्याची जागा आणि माणसाची वाट, हें सर्व त्याला ठाऊक असतें. त्याला अनोळखी रानांत सोडलें म्हणजे तो बावरतो, तेथल्या बिबळ्यांशीं त्याचा झगडा होतो आणि मूळ मुलूख मोकळा पडल्यानें तेथें दुसराच नवखा येऊन बसतो.

आपल्या मुलुखाची ही ओढ किती प्रबळ असते, हें ‘आजोबा’ या बिबळ्यानें दाखवून दिलें. २००९ च्या एप्रिलअखेर तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें एक वयस्क दिसणारा नर विहिरींत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यांत ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधून माळशेज घाटांत सोडण्यांत आलें. जवळच्या रानांत तो राहील, अशी अपेक्षा होती. तो राहिला नाहीं. कसाऱ्याजवळ त्यानें लोहमार्ग ओलांडला, आग्रा मार्ग ओलांडला, वसईच्या कारखान्यांच्या वस्तीजवळून वाट काढली आणि सुमारें २५ दिवसांत १२० किलोमीटर चालून तो साष्टीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरांत पोंचला. माळशेजपासून खाडीपर्यंतचा हा सारा मुलूख माणसांनीं गजबजलेला आहे. तरीही वाटेंत त्यानें कोणावर हल्ला केल्याची नोंद नाहीं. तो कोणाच्या दृष्टीसही क्वचितच पडला असेल. १ डिसेंबर २०११ रोजीं मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाचा धक्का लागून त्याचा अंत झाला. ज्या माणसांना तो टाळीत आला, त्यांच्याच एका वाहनानें त्याचा बळी घेतला. त्याच्या या प्रवासावर पुढें २०१४ सालीं ‘आजोबा’ याच नांवाचा मराठी चित्रपटही निघाला.

२०११ नंतर वनखात्यानें, संशोधकांनीं आणि नागरिकांनीं मिळून उद्यानाच्या कडेनें निराळ्या रीतीनें काम सुरू केलें. पिंजऱ्यापेक्षां समजुतीवर भर देण्यांत आला. कचरा उघड्यावर टाकूं नये, म्हणजे कुत्रीं जमत नाहींत आणि त्यांच्यामागें बिबळ्याही येत नाहीं. अंधारांत मुलांना एकटें बाहेर सोडूं नये. दिवाबत्तीची आणि शौचगृहांची सोय वस्तींतच असावी. आणि बिबळ्या दिसल्यास गर्दी व आरडाओरड न करतां त्याला निसटण्यास वाट द्यावी, अशा साध्या गोष्टी वस्तीवस्तींतून आणि शाळांतून सांगण्यांत आल्या. हल्ले पुष्कळ उतरले. स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्यानें झालेल्या गणनेंत २०१५ सालीं ३५ आणि २०१८ सालीं ४७ बिबळे आढळले. बिबळ्यांची संख्या वाढली असतांना हल्ले कमी झाले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. संकट मुळींच संपलें असें मात्र नाहीं. २०२२ च्या ऐन दिवाळींत आरे वसाहतींत एका तान्ह्या बालिकेचा बिबळ्याच्या हल्ल्यांत मृत्यु झाला. जेथें दिवा नाहीं, वाट नाहीं आणि कचऱ्याची उचल नाहीं, तेथें संकट प्रथम येतें, हें त्या दुःखद प्रसंगानें पुन्हा दाखविलें.

शहरांतही बिबळ्या येतो. २० फेब्रुवारी २०१९ रोजीं ठाण्यांत एका मॉलच्या आवारांत बिबळ्या शिरला आणि कित्येक तासांच्या खटपटीनंतर जवळच्या एका हॉटेलाच्या तळघरांत तो पकडला गेला. २४ नोव्हेंबर २०२२ रोजीं कल्याण पूर्वेच्या चिंचपाडा भागांत एका उंच निवासी इमारतींत बिबळ्या घुसला. कांहीं जण जखमी झाले आणि दिवसभराच्या प्रयासानंतर वनखात्यानें त्याला बेशुद्ध करून ताब्यांत घेतलें. अशा बातम्या आल्या कीं बिबळ्यानें शहरावर आक्रमण केलें असें म्हटलें जातें. परंतु नकाशा उघडला तर वेगळेंच दिसतें. ठाण्याच्या घोडबंदर बाजूच्या वसाहती थेट डोंगराच्या पायथ्याला भिडल्या आहेत. कल्याणच्या वस्तीची कड मलंगगडाच्या डोंगररांगांकडे सरकत आहे. सीमा बिबळ्यानें हालविलेली नाहीं.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक जुनी दृष्टि याच जिल्ह्यांत अजून जिवंत आहे. वारली लोकांत वाघोबा या दैवताची पूजा होते. मराठींत वाघ हा शब्द पट्टेवाल्या वाघालाही लावतात आणि बिबळ्यालाही. म्हणून साष्टींतून वाघ गेला तरी वाघोबा गेला नाहीं. मुंबई उपनगर, ठाणें आणि पालघर या जिल्ह्यांत संशोधकांनीं वाघोबाच्या सुमारें दीडशें स्थानांची नोंद केली असून हा अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. शेंदूर लावलेल्या दगडावर किंवा लांकडी फळीवर वाघाची आकृति कोरलेली असते, आणि दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारसेला तेथें मोठी पूजा होते. वारल्यांत सांगितल्या जाणाऱ्या एका कथेंत एका बाईचें मूल वाघ बनतें आणि गांवांतलीं जनावरें मारूं लागतें. गांव चिडतो, तेव्हां आई मध्यें पडून तडजोड घडविते : त्यानें रानांत राहावें, आणि गांवानें त्याचें देऊळ बांधून वर्षाकांठीं त्याचा मान त्याला द्यावा. या कथेंत वाघ निरुपद्रवी आहे असें कोठेंही म्हटलेलें नाहीं. तो गुरें मारतो, भय दाखवितो; तरी तो आपल्यांतलाच आहे आणि त्याच्याशीं व्यवहार ठरवून राहतां येतें, एवढेंच तींत सांगितलें आहे.

तो व्यवहार आजच्या भाषेंत ठरवावयाचा तर त्यांतील मुख्य कलम वाटेचें आहे. साष्टीचें रान उत्तरेकडे तुंगारेश्वराच्या अभयारण्याशीं आणि तेथून पुढें तानसाच्या रानाशीं जोडलेलें राहिलें, तरच येथील बिबळ्यांचें रक्त ताजें राहील. एरव्हीं हें रान म्हणजे चारी बाजूंनीं शहरानें वेढलेलें बेट होईल, आणि बेटावरील वाघाचें काय होतें हें १९२९ नें दाखविलेंच आहे. या वाटेवर आज खाडी आहे, घोडबंदरचा रस्ता आहे, मुंबई-अहमदाबाद महामार्ग आहे, आणि डोंबिवलीजवळच्या दिव्याहून वसईला जाणारा लोहमार्गही आहे. ५ डिसेंबर २०१६ रोजीं केंद्र सरकारनें उद्यानाभोंवतीं सुमारें ५९ चौरस किलोमीटरांचा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा जाहीर केला, ही चांगली गोष्ट घडली. दुसऱ्या बाजूला ठाणें व बोरिवली यांना जोडणाऱ्या सुमारें ११.८ किलोमीटर लांबीच्या जोडमार्गाचें भूमिपूजन जुलै २०२४ मध्यें झालें. त्यांतील १० किलोमीटरांहून अधिक भाग उद्यानाच्या पोटांतून बोगद्यानें जावयाचा आहे. प्रवाशांचा वेळ वांचेल हें खरें, आणि रस्ता रानावरून न नेतां रानाखालून नेण्याचा विचार झाला हेंही खरें. परंतु बोगद्याच्या दोन्ही मुखांशीं वस्ती, दिवे आणि वाहनें किती वाढूं द्यावयाचीं, महामार्गांखालून जनावरांना जाण्यास भुयारी वाटा कोठें ठेवावयाच्या, हे प्रश्न रस्ता पुरा झाल्यावर विचारून उपयोग नाहीं. ते नकाशा कागदावर असतांनाच विचारले पाहिजेत.

हिमप्रदेशांतील अस्वलाचा बर्फ राखणें हें चर्चिलच्या गांवकऱ्यांच्या एकट्यांच्या हातीं नाहीं. त्यासाठीं साऱ्या जगाच्या चिमण्यांचा धूर आटोक्यांत यावा लागेल, आणि त्या धुरांत ठाणें व डोंबिवली येथील कारखान्यांचा आणि मोटारींचाही वांटा आहे. येऊरच्या बिबळ्याचें तसें नाहीं. त्याचें रान कोठवर असावें, हें ठाणें आणि कल्याण येथील नगररचनेच्या कचेऱ्यांत, सभागृहांत आणि घरांच्या खरेदी-विक्रींत ठरतें. डोंगराच्या कुशींतलें घर म्हणून जाहिरात झालेलें घर घेणाऱ्या कुटुंबानें तो डोंगर कोणाचा, हें विचारलें तरी आरंभ होईल. विकास आराखड्यावर हरकती मागविल्या जातात तेव्हां एखादी हरकत पाण्याच्या आणि रानाच्या बाजूनें नोंदविली गेली, तर ती बिबळ्याइतकीच माणसाच्याही कामाची ठरेल. मुंबईनें दीडशें वर्षांपूर्वीं तलावांसाठीं रान राखलें आणि त्या शहाणपणाचें पाणी ती आजवर पीत आहे. त्या वेळीं निर्णय घेणाऱ्यांपुढें बिबळ्या नव्हता. आज तो समोर आहे, त्याची संख्या ठाऊक आहे, त्याच्या वाटा नकाशावर आंखलेल्या आहेत. साष्टीचा वाघ गेला तेव्हां न कळल्याची सबब पुढें करतां येण्यासारखी होती. बिबळ्याच्या बाबतींत ती सबब आतां कोणापाशींच उरलेली नाहीं.